पलीकडे एक जास्त

कराडच्या त्या नाक्यावर पायी जाणारी माणसं गाड्यांखाली चिरडली जायची थांबेनात, तेव्हा रस्त्यावर पांढरे पट्टे आखले आणि ओलांडणाऱ्यांची मोजदाद सुरू झाली. वहीत माणसामागं एक रेघ. अलीकडं सुंदरी निघणारे मोजायची, पलीकडं धैर्यशील पोचणारे. रोज त्याच्याकडं एक माणूस जास्त भरायचा.

"निघालंच न्हाई ते पोचंल कसं?" चौथ्या दुपारी सुंदरी वैतागली. तिनं सगळ्यांना अलीकडंच थांबवलं आणि भर उन्हात एकटीच पट्टे ओलांडून गेली.

धैर्यशीलनं वहीत दोन रेघा ओढल्या.

"दोन कशा रं?"

"आवं ताई, त्या आजींना तुमीच तर हात धरून आणलं."

सुंदरीनं डाव्या हाताकडं पाहिलं. मूठ घट्ट मिटलेली होती. ती उघडता उघडेना.