कावळा शिवेना

पिंड मांडून दोन तास झाले, तरी कावळा फांदीवरून हलेना.

"तात्या, आईला सांभाळीन," दादा म्हणाला. "दारू सोडतो," मी म्हणालो. कावळ्याने मान फिरवली.

तेवढ्यात हवालदार फॉरेन्सिकचा रिपोर्ट घेऊन घाटावर आले. ओढ्यात सापडलेली, आम्ही वडिलांची समजून जाळलेली हाडं बैलाची निघाली होती.

"मग आमचे तात्या?"

"बेपत्ताच. शोध चालू आहे."

आईने पूजेच्या ताटातलं कुंकू कपाळाला लावलं. "ढवळ्याच तो. ह्यांच्याबरोबरच बाजाराला निघाला होता."

दादा पिंड उचलायला लागला.

"राहू दे," म्हणत आईने कावळ्याला हात जोडले. "ढवळ्या, तुझ्या जोडीच्या पवळ्याला आता औताला जुंपणार नाही."

कावळा लगेच खाली उतरला.