नीउ-व्हेनेपला निघालेली कॅरव्हॅन

"जड सामान चाकांच्या वर ठेवा," पद्मजा म्हणाली. "मागे ठेवलंत तर शेपूट हलेल."

शैलेंद्र कुकर आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन कॅरव्हॅनच्या दारात थबकला. बायको बी.ए. मराठी. हे ज्ञान कुठून उगवलं?

"यूट्यूब वाटतं?" त्याने चिडवलं. डबा मात्र चाकांच्या वरच ठेवला.

पिकअप आणि कॅरव्हॅन, दोन्ही शेजारच्या योसची. दोन हजार एकवीसचा एप्रिल होता, आणि कोरोनामुळे घरी दिवसाला एकच पाहुणा असा डच सरकारचा हुकूम. लेक वैदेही तिकडे नीउ-व्हेनेपला दिवस मोजत होती. बाळंतपण घरीच व्हायचं होतं. "आई, बाळ येताना तू हवीस," एवढाच तिचा हट्ट. त्यावर हा तोडगा निघाला: घरामागच्या शेतात कॅरव्हॅन लावायची, आजीने घरात जायचं आणि आजोबांनी खिडकीतून हात हलवायचा.

किल्ली देताना योसने एकच विचारलं होतं, बीई आहे ना? शैलेंद्रला गंमत वाटली. बेस्ट या डच गावातल्या कारखान्यात तेवीस वर्षं यंत्रं बनवणाऱ्या माणसाला हे विचारायचं? हातच्या कांकणाला आरसा कशाला! "आहे," म्हणून त्याने किल्ली खिशात टाकली होती.

"मी चालवू का?" पद्मजाने हळूच विचारलं.

"तू? अगं, हिला नुसतं नावाला हाफ टन पिकअप म्हणतात, ही धूड आहे धूड. योससुद्धा विचारत होता, बीई आहे का. म्हटलं, आहे."

पद्मजा गर्रकन वळली. "तुमच्याकडे बीई आहे?"

"म्हणजे काय!"

"कधी बोलला नाहीत."

शैलेंद्र खो खो हसला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली तरी बाईची थट्टा काही संपत नाही.

"पहिल्या फटक्यात?" तिने विचारलं.

"पहिल्या फटक्यात. फर्स्ट क्लास."

ती जराशी हिरमुसली. "मग तुम्हीच चालवा," म्हणाली आणि तिने पट्टा लावला.

रस्ता रिकामा होता. कालव्यांत आभाळ उतरलं होतं, आणि पाणी कुठलं नि ढग कुठले हे काही केल्या कळेना. आरशात बघावं तर पांढऱ्या पडद्यांचं छोटंसं घर निमूट मागे येत होतं. वर्षभर चार भिंतींत कोंडलेल्या शैलेंद्रला वाटलं, आपण झोपेत तर नाही? असंच जात राहावं, आणि वाटेत कुठेतरी नातवंडाने हात धरून खाली उतरवावं. किती सुखाची कल्पना होती ती!

पद्मजा रस्त्यावरच्या डच पाट्या भराभर वाचत होती. गेल्या उन्हाळ्यात दर शनिवारी ती डच क्लासला जायची. दोनदा तर डोळे लाल करून आली होती बिचारी. "व्याकरणच वाईट त्यांचं," म्हणून त्याने चहा करून दिला होता.

एवढ्यात शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला. मागचं घर एकदम डावी-उजवीकडे झुलायला लागलं. शैलेंद्रने पाय ब्रेककडे नेला.

"ब्रेक नको!" पद्मजा ओरडली. "पाय नुसता उचला. स्टिअरिंग सरळ धरा. सरळ!"

त्याने मुकाट्याने ऐकलं. झुलणं कमी झालं, मग थांबलं.

"यूट्यूब बरं असतं की गं," तो पुटपुटला.

ती पुन्हा पाट्या वाचायला लागली.

लायडन मागे पडलं. ट्युलिपचे पट्टे सुरू झाले, लाल, पिवळे, पुन्हा लाल, आणि डोळे जड व्हायला लागले. तेवढ्यात फोन वाजला. जावई गंधार होता.

"आई, कळा सुरू झाल्यात. सुईण आलीये. वैदेही सारखं तुम्हालाच विचारतेय."

शैलेंद्रचा पाय आपोआप दाबला गेला.

"नव्वद, अहो, नव्वदच्या आत!" पद्मजा म्हणेपर्यंत मोटारसायकलवरचा पोलीस पुढे आला आणि त्याने त्यांना रस्त्याकडेला घेतलं.

मास्क सारखा करत त्याने लायसन्स मागितलं, उलटसुलट करून पाहिलं. "बीई कुठाय?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"मेकॅनिकल," शैलेंद्र छाती पुढे काढून म्हणाला. "पुणे युनिव्हर्सिटी."

पोलिसाने कार्ड त्याच्यासमोर धरलं. "तुमचं शिक्षण नाही विचारलं, सर. एवढी जड कॅरव्हॅन ओढायला बीई नावाचं वेगळं लायसन्स लागतं. तुमच्या कार्डावर नुसतं बी आहे. दंड होईल, आणि इथून पुढे तुम्हाला ही गाडी चालवता येणार नाही."

व्हेनेप पंधरा मिनिटांवर होतं. लेक तिकडे आईच्या नावाने टाहो फोडत असेल, आणि तो इथे छाती काढून डिग्री सांगत होता!

"अहो," पद्मजा थंडपणे म्हणाली, "तुम्ही इतका वेळ डिग्रीचं बोलत होतात?"

शैलेंद्रने आपला पट्टा सोडला.

ती खाली उतरली, वळसा घालून त्याच्या दारापाशी आली आणि तिने पर्समधलं कार्ड पोलिसाच्या हातात ठेवलं. त्याने ते उलटं केलं, मागची 'बीई' ही अक्षरं वाचली आणि अदबीने परत दिलं.

"सरका तिकडे," पद्मजा नवऱ्याला म्हणाली. "मला गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या फटक्यात मिळालं, पण मिळालं."