तिसरी हाक

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि नीलम्माकडं बघून चक्क हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"बंगळूरचा रिपोर्ट आलाय. तुमच्या मालकांनी आवाज ओळखलाय!"

तिचा नवरा चन्नवीर कॉटवर तसाच पडला होता. डोळे उघडे, पण ओळख कुणाचीच नाही. कागलजवळ हायवेला ट्रकनं उडवल्यापासून हे असंच. मेंदूत काही उरलंय का बघायला त्याला बंगळूरला नेऊन आणलं होतं. तिथं धातू चालत नाही म्हणून गळ्यातलं चांदीच्या डबीतलं इष्टलिंगसुद्धा उतरवून ठेवावं लागलं. डोक्यावर हे एवढं थोरलं टोपडं बसवलं आणि घरच्यांच्या टेप केलेल्या हाका ऐकवल्या. मेंदू चालला की बारीक चुंबकत्व तयार होतं म्हणे, ते टोपडं मोजतं.

"कुणालाच वळखलं न्हाय तर पुरं आता. नळ्या काढून घरी न्यूया," असं धाकटा दीर राजशेखर आधीच बोलून बसला होता.

"आईच्या हाकेला काही नाही. भावाच्याही नाही," डॉक्टर कागदावर बोट फिरवत म्हणाले. "तिसरी हाक बायकोची. 'चन्नवीर' म्हटलं की रेघ उसळलीच. दर वेळी!"

"वैनी, आवं हसा की!" राजशेखर ओरडला.

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या साड्यांच्या दुकानात कामाला असलेली वर्षाराणी थर्मास घेऊन दारात उभी होती. तीच हुंदके देऊ लागली. पोर मायेची, असं सासूबाई म्हणाल्या.

नीलम्माला मात्र काही सुधरेना. ती नुसती त्या रेघेकडं बघत राहिली.

"आता कानाशी हाक मारा," डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याचं नाव? तेही सासूसमोर? चौदा वर्षांचा संसार 'आवं'वर झालेला.

"टेपवर घेतलासा की! आता कसली लाज?" राजशेखर म्हणाला.

"घे गं बाई," सासूबाईही म्हणाल्या.

नीलम्मा वाकली. "चन्नवीर." पदर सावरून ती आणखी जवळ झाली. "चन्नवीर... आवं, मी हाय."

पापणीसुद्धा हलली नाही.

"मशीनच चुकली," राजशेखर पडेल आवाजात म्हणाला. "उद्या घरी न्यूया."

नीलम्मा सरळ झाली. तिनं तोंड पुसलं आणि दाराकडं वळली.

"वर्षाराणी, ये इकडं. मला लाज वाटली म्हणून माझ्या जागी टेपवर तू हाक मारलीस न्हवं? तश्शीच मार."