हुंकार

मुख्याधिकारी तारळेकरबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. पाणीकराराच्या वाटाघाटीत कंपनीतर्फे यंत्र बोलत होतं, आणि तोंडी होकार सहीइतकाच पक्का धरला जाई. ऐकताना 'हं, हं' करायच्या सवयीपायी काल नगरपालिकेची विहीर हातची गेली होती.

"वस्त्यांमधले फुकटचे नळ बंद करायचे ना?" यंत्राने गोडीत विचारलं.

"नाही, नाही, नाही! किती वेळा सांगू?"

"पुन्हा विचारतो. बंद करायचे ना?"

तेवढ्यात शिपाई भिवाजी दारातून डोकावला. "मॅडम, चहा सांगू?"

"हं."

यंत्राचा पडदा हिरवा झाला. "आभारी आहोत. कलम मंजूर."

"अरे मेल्या, ते चहाला होतं!"

"चहाचं कलम करारात नाही."

भिवाजी दारातच घुटमळला. "मॅडम, आमच्या वस्तीतला नळही जाणार?"

या वेळी मात्र बाईंच्या तोंडून हुंकार फुटेना.