कोंबडीच्या पिसांची माशी

मोबाईलवर बघून मी कोंबडीच्या पिसांची माशी बनवली आणि थेट गळालाच बांधली. आबाजी हसले, “काऊन पोरी, पिसं खाऊन मासोळी ढेकर देते का?”

पण गावच्या तलावात तिसऱ्याच फेकीला हातभर मरळ लागली! दुपारी तिचाच रस्सा वाढताना मी ऐटीत म्हटलं, “पाहा आबाजी, तिले माशी खरीच वाटली.”

आबाजींचा घास हातातच राहिला. “या दिवसांत मरळीजवळ पिलं असतात, पोरी. त्यांच्याजवळ जे येईल, त्याले ती चावते.”

मी तलावावर पळाले. त्याच जागी लाल पिलांचा पुंजका गोल गोल फिरत होता, आणि पाणकावळे जमले होते.



हात दुखेपर्यंत दगड मारले. ते उडायचे, अन् परत तिथंच उतरायचे.