खैराचं माहेर

१९९४ साली मोरोक्को आणि अल्जीरियामधली सीमा बंद झाली, तेव्हा माझी भावजय खैरा पलीकडे, अल्जीरियात, माहेरी बाळंतपणाला गेली होती. तिचं गाव आमच्या गच्चीवरून दिसायचं. माझा भाऊ मिलूद इथल्या शिशाच्या खाणीत होता. "सासुरवाडी हाकेच्या अंतरावर" म्हणून मिरवायचा, तर सोबतचे आता म्हणायचे, "मार की रे हाक!"

जमिनीखाली दोन्ही देशांच्या खाणी एकाच थरामागे लागून इतक्या जवळ आल्या होत्या की मधे जेमतेम खडकाची एक भिंत उरली होती. पलीकडच्या खाणीत खैराचा भाऊ होता. पाळी संपली की दोघे चोरून, आपापल्या बाजूने, ती भिंत पोखरायचे. खैराचा भाऊ भीतीपोटी घरात तिलाही काही बोलला नव्हता.

हिवाळ्यात एकदाचं भोक पडलं. "चहा टाकून ठेव ताई, दोघांना घेऊनच येतो," असं सांगून मिलूद गेला.

त्याच दुपारी दार वाजलं. चोरटं पेट्रोल वाहणाऱ्या गाढवांमागून डोंगर उतरून, पाठीला बाळ बांधून खैरा आली होती. "हे कुठायत?" तिने विचारलं.

मिलूद परतायच्या आतच, दुसऱ्या दिवशी, पहारेकऱ्यांना ते भोक सापडलं आणि दोन्हीकडून सिमेंटने बुजवलं. डोंगरावरही पहारा बसला.

मिलूद तिकडच्याच खाणीत लागला आणि छातीच्या दुखण्याने तिकडेच गेला. मुलगा स्पेनला आहे. खैरा माझ्याजवळ असते.

आमच्या आईला शेवटचं पाणी खैराने पाजलं, आणि खैराच्या आईला मिलूदने.