बायकोच्या नावावर

हर्षिताचा अमेरिकन आर्मीतला नवरा भूषण इराकच्या युद्धावरून परतल्यापासून धड झोपत नव्हता आणि डॉक्टरचं नावही काढू देत नव्हता. "आर्मीच्या रेकॉर्डवर आलं की प्रमोशन गेलं," म्हणायचा. बायकोला मात्र आर्मीच्या तळाबाहेरची काउन्सेलर विम्यातून मिळते असं कळल्यावर हर्षिताच जाऊ लागली. त्याचं दचकणं, त्याची स्वप्नं स्वतःची म्हणून सांगायची आणि तिथले उपाय घरी येऊन त्याच्या गळी उतरवायची.

"आज बाईंनी भलतंच विचारलं," ताटं पुसता पुसता ती म्हणाली. "जीव द्यावासा वाटतो का म्हणे. पुढच्या वेळी सांगते म्हणून सटकले. नाही म्हणून टाकू ना?"

शेजारी भांडी विसळणाऱ्या भूषणने नळ बंद केला.

"नको," तो म्हणाला. "हो म्हण."